बाळाची धुरी, डक्टमधले पारवे आणि मिरचीचा ठसका

मागच्या अंकात लिहिलं होतं, घरातल्या हवेबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा. लोकांनी खुशालच विचारलंय. माझी ओळख एवढीच, की भोसरीच्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी धूळ मोजण्यात गेली आणि निम्मी, धूळ आहे हे साहेबांना पटवण्यात. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पैशानं तळहाताएवढं धूलिकण मोजायचं यंत्र घेतलं. ते पर्समध्येच असतं. त्यामुळे हल्ली नातेवाईक मला जेवायला बोलवायच्या आधी उदबत्त्या लपवतात, असं माझी बहीण सांगते.

पत्रं बरीच आहेत. जागा पुरेल तेवढी घेतली.

आम्ही चौघं विद्यार्थी कर्वेनगरला फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतो. बाथरूममध्येच गॅसचा गिझर आहे. थंडी सुरू झाल्यापासून अंघोळ करून बाहेर आलं की डोकं जड होतं. एकाला मागच्या आठवड्यात चक्कर आली. गॅसचा वास अजिबात येत नाही. घरमालक म्हणतात, वाफेमुळे होतंय. बाथरूममधली हवा मोकळी राहण्यासाठी काय करावं?

हे पत्र क्रम मोडून पहिलं घेतलं. खाली फोन नंबर होता, म्हणून अंक निघायची वाट न बघता त्याच रात्री फोन केला. इथं लिहितेय ते बाकीच्यांसाठी, कारण असे गिझर पुण्यात गल्लोगल्ली आहेत.

मुलांनो, तो गिझर बंद करायचा. उद्यापासून नाही, आत्ता. वाफेनं कुणाला चक्कर येत नसते असं नाही, पण चौघांचंही डोकं थंडीतच जड व्हायला लागलं याचं कारण वेगळं आहे. थंडीत तुम्ही बाथरूमची खिडकी लावून घेता. गिझर त्याच चार बाय सहाच्या खोलीतली हवा घेऊन जळतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडरचा जो वास आपण ओळखतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. गॅस जळला की तोही जळून जातो. तेव्हा ‘वास येत नाही’ याला काही अर्थ नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पाय लटपटतात, आणि आतून कडी लावलेली असते.

फोनवर त्यातला एकजण म्हणाला, ‘मावशी, आम्ही ऑक्सिमीटर लावून बघितला, अठ्ठ्याण्णव दाखवत होता.’ करोनाच्या काळात घरोघरी आलेलं ते बोटाचं चिमटं इथं फसवतं. त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही ते अठ्ठ्याण्णव दाखवेल.

गिझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या गॅलरीत बसवून घ्या. जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप हवाच, आणि त्या गॅलरीला काचा लावून ती खोली करू नका. तोवर गॅसच्या शेगडीवर पातेलं किंवा बादलीत हीटर. हीटरचं बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात. कधी कुणी आत कोसळलाच, तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. आत उभं राहून त्याला हलवत, हाका मारत बसू नका, नाहीतर दुसराही आडवा होतो.

घरमालकांचं काय झालं? दोन दिवसांनी प्लंबर आला म्हणे. भाडं वाढवायला इतका वेळ लागत नाही, पण असो.

माझं बाळ बावीस दिवसांचं आहे. आम्ही सिंहगड रोडला राहतो. सकाळी बाई येऊन बाळाला न्हाऊमाखू घालून जातात, मग सासूबाई शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी देतात. तेवढा वेळ दारं-खिडक्या बंद. बाळ शिंकतं, माझे डोळे झोंबतात. बोललं की ‘तुझा नवरा याच धुरीवर वाढलाय’ असं ऐकावं लागतं. हवा शुद्ध करायचं मशीन आणलं आणि धुरीही चालू ठेवली तर चालेल का? बाळ आजेसासूबाईंच्या गोधडीवर निजतं, ती माळ्यावरच्या ट्रंकेतली आहे, डांबराच्या गोळ्यांचा थोडा वास येतो पण फार मऊ आहे.

नाही चालणार. न्हाणीघराचा नळ सोडून ठेवायचा आणि लादी पुसत बसायचं, तसं होईल ते.

पण तुझ्या सासूबाईंवर मी रागावणार नाही, कारण १९८६ साली माझ्या लेकीला माझ्या आईनं अश्शीच धुरी दिली आणि मी, रसायनशास्त्राची पदवीधर, गप्प बसले. फक्त ती खोली शनिवार पेठेतल्या वाड्यातली, माडीवरची. वर कौलं. कौलांच्या फटींतून धूर वर निघून जायचा (आणि पावसाळ्यात त्याच फटींतून पाणी खाली यायचं). तुमच्या फ्लॅटला अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आहेत, कडेला रबराची पट्टी. ती पट्टी डास आत येऊ देत नाही तशीच धूर बाहेर जाऊ देत नाही.

गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतपणात धायरीला गेले होते तेव्हा यंत्र सोबत होतंच. धुरीच्या आधी सूक्ष्म कणांचा आकडा चाळिसाच्या आसपास होता. शेगडीवर पहिली चिमूट पडली आणि तो चढायला लागला. दोनशे, चारशे, सातशे. ९९९ ला जाऊन थांबला, धूर थांबला म्हणून नव्हे, त्यापुढं त्या यंत्राला मोजता येत नाही म्हणून. हे कण म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक, आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढे. नाकातल्या केसांना ते सापडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. चोवीस तासांची सरासरी एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी असं आपलं भारतीय मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. तू-मी मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास घेतो. तान्हं बाळ चाळीस ते साठ वेळा घेतं. एकाच खोलीत बसलात तरी धुराचा मोठा वाटा कुणाला, ते तूच बघ.

शिवाय कोळशाची शेगडी आणि बंद दार. वरचं विद्यार्थ्यांचं पत्र परत वाच, तोच वायू इथंही आहे.

आता सासूबाईंशी बोलायचं कसं. ‘धूर वाईट’ म्हणून सुरुवात केलीस तर संपलंच. धुरीमागं त्यांना काय हवंय? न्हाणं झाल्यावर बाळाला गारठा लागू नये, डोकं लवकर कोरडं व्हावं, सर्दी होऊ नये. तेवढं सगळं धुराशिवाय होतं. न्हाणं कोवळं ऊन खोलीत येतं त्या वेळेला घ्यायचं, दुपटं आधीच उन्हात तापवून ठेवायचं, डोकं मऊ पंच्यानं टिपून टोपडं घालायचं. ओवा लागतोच असेल तर तव्यावर कोरडा गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची. ती तुझ्या कंबरेला शेकायला घे, छान वाटतं. बाळाच्या अंगाला किंवा नाकाशी लावायची नाही. आणि कापूर, तेलातला असो की पुरचुंडीतला, बाळापासून लांबच. तान्ह्यांना कापरानं झटके येऊ शकतात. भाचीच्या सासूबाईंना मी काही बोललेच नाही, नुसतं यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्या आकडा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे बिघडलंय का हो?’ मी म्हटलं, स्वयंपाकघरात नेऊन बघा. तिथं तो पस्तीस झाला. दुसऱ्या दिवशी शेगडी गॅलरीत गेली होती.

आणि ती गोधडी. हे तू जाता जाता लिहिलंस, पण मला धुरीइतकीच त्याची काळजी वाटते. डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅप्थॅलीन, खोलीच्या तापमानाला आपोआप उडणारा पदार्थ. काही मुलांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं आणि घरात कुणाला ते ठाऊक नसतं. अशा बाळाला या वासानं तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. गोधडी आज काढ. दोनदा धू, चार-पाच दिवस कडक उन्हात घाल, आणि नाक खुपसूनही वास येत नाही असं झाल्यावरच बाळाखाली घाल. मधल्या काळात बाळ पिवळं किंवा पांढुरकं दिसलं, लघवी गडद झाली, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे, आणि गोळ्यांचं आठवणीनं सांग. आजेसासूबाईंच्या गोधडीचा अपमान होत नाही त्यात. उन्हं दाखवणं हे त्यांनीही केलंच असतं.

मयूर कॉलनीत आमची सोसायटी, शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू झालंय. आधी पाडापाडी, आता खोदकाम. दिवसातून दोनदा केर काढते तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. यजमानांना दमा आहे. मुलगा म्हणतो एअर प्युरिफायर घे. किती मोठा घ्यावा? आणि सकाळची ताजी हवा तरी घ्यायची की नाही?

ताई, कोथरूडमध्ये आता ज्याच्या शेजारी काँक्रीट फोडणारा ब्रेकर नाही त्यानं पेढे वाटावेत अशी वेळ आहे.

आधी केरसुणी. टेबलावर दिसते ती धूळ जाड असते, ती आपोआप खाली बसलेली आहे. कोरडा केर काढला की आपण तिला दिवसातून दोनदा उठवून परत हवेत सोडतो, आणि यजमान तिथंच पेपर वाचत बसलेले असतात. खिडकीच्या कट्ट्यापासून सुरुवात करून आधी सगळं ओल्या फडक्यानं पुसा, मग लादी ओल्या पोछ्यानं. झटकणं बंद. चटया, पायपुसणी झटकायची तर खाली अंगणात.

मग खिडक्या. ब्रेकर चालतो त्या बाजूच्या दिवसभर बंद, उलट्या बाजूच्या उघड्या. मजुरांची जेवणाची सुट्टी आणि रविवार या वेळा साधा. बिल्डरकडे तिघी-चौघींनी मिळून जा आणि मागा, पत्र्याचं उंच कुंपण, हिरवी जाळी, आणि तोडताना पाण्याचा फवारा. एकटीनं गेलं की ‘हो हो मॅडम’ म्हणतात, चौघींनी गेलं की पाण्याचा टँकर येतो.

सकाळच्या ताज्या हवेचं मात्र जपून. पुणं टेकड्यांच्या मधल्या वाटीत बसलंय. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर गरम हवेचं झाकण बसतं. शेकोट्या, गाड्या, जाळलेला पाला, सगळं त्या झाकणाखाली. पहाटे म्हात्रे पुलावरून नदीकडे पाहिलं की जो पांढुरका थर दिसतो त्याला लोक धुकं म्हणतात. त्यात धुकं असतं, पण नुसतं धुकं नसतं. ऊन चढलं की हवा ढवळली जाते, झाकण सुटतं. म्हणून थंडीच्या दिवसांत खिडक्या पहाटे साडेपाचला उघडण्यापेक्षा अकरानंतर उघडा. यजमानांचं फिरणंही ऊन चढल्यावरच. शहरातले रोजचे आकडे आपल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’ सेवेवर मिळतात, मुलाला मोबाइलवर काढून द्यायला सांगा.

आता प्युरिफायर. दम्याच्या माणसासाठी घ्या, माझी हरकत नाही, पण हॉलमध्ये शोभेला नको. ते झोपतात त्या खोलीत ठेवा, कारण आठ तास ते तिथं असतात. दुकानात ‘किती स्टेजचा फिल्टर’ हे विचारू नका, ‘सीएडीआर किती’ विचारा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतो. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा, म्हणजे बाराशे घनफूट, साधारण ३४ घनमीटर. ती हवा तासातून पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर १७० लागतो. दोनशेचा घेतला तर कमी वेगात, कमी आवाजात काम भागतं. फिल्टर खरा हेपा हवा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर पुढच्या दुकानात जा. बदलीच्या फिल्टरची किंमत मशीन घेण्याआधी विचारा. आयन किंवा ओझोन सोडणारं बटण असेल तर ते बंद ठेवा, दमेकऱ्याच्या खोलीत ओझोन नकोच.

एक कबुली देते. माझं पहिलं मशीन आणलं तेव्हा चार महिने चालवलं आणि भेटेल त्याला सांगितलं की फरक वाटतोय. मग फिल्टर बघायला झाकण उघडलं, तर फिल्टर कारखान्यातून आला तसा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. एकतीस वर्षं सेफ्टीत! मशीन आणल्यावर आधी झाकण उघडून पिशवी काढा. आणि ‘फरक वाटतोय’ यावर विश्वास ठेवू नका, माझ्याही.

मी सेवानिवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ. शयनकक्षात स्नेक प्लांट, मनी प्लांट, एरिका पाम अशा तेरा कुंड्या ठेवल्या आहेत. नासाने सिद्ध केल्याप्रमाणे ही झाडे हवा शुद्ध करतात व रात्रीही प्राणवायू सोडतात. सौ.चा यास विरोध आहे. कृपया शास्त्रीय निर्वाळा द्यावा.

सर, निर्वाळा सौ.च्या बाजूनं जातोय, आधीच क्षमा मागते.

नासाचा तो अभ्यास १९८९ चा, खरा आहे. पण झाडं ठेवली होती छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये. आपल्या घराला दारं आहेत, फटी आहेत, दूधवाला आहे. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला गेला. खिडकीतून हवा खेळल्यानं जेवढी रसायनं निघून जातात तेवढी झाडांनी काढायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं निघालं. दहाच धरली तरी तुमच्या खोलीत शंभरावर कुंड्या होतील, मग झोपायचं कुठं? रात्रीच्या प्राणवायूचंही तसंच. माणसाला दिवसाला साडेपाचशे लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो, स्नेक प्लांटची चार पानं देतात ती उदबत्तीच्या राखेएवढी भर.

झाडं ठेवा, डोळ्यांना बरी वाटतात. फक्त कुंडीत पाणी साचून मातीवर पांढरी बुरशी आली असेल (तुम्ही रोज पाणी घालत असाल, शिक्षक नियमित असतात) तर त्या कुंड्या गॅलरीत हलवा. सौं.ना बहुधा त्याच वासाचा त्रास होत असणार.

वाकड, सतरावा मजला. रस्त्याचा धुरळा नको म्हणून बेडरूम कायम बंद, रात्रभर एसी, शिवाय महागडा प्युरिफायर, त्यावर आकडा सात-आठ. तरी आम्ही दोघं सकाळी शिळ्या तोंडानं उठतो, डोकं जड. प्युरिफायर बिघडलाय का?

नाही हो, तो त्याचं काम करतोय. तो धूळ गाळतो, तुमचा उच्छ्वास गाळत नाही. आणि स्प्लिट एसी बाहेरून हवा आत घेतो असा पुष्कळांचा समज आहे. तो खोलीतलीच हवा गार करून परत तुमच्या तोंडावर मारतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० भाग असतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत दोन माणसं झोपली की पहाटेपर्यंत तो दोन हजारांच्या पुढं सहज जातो. त्यानं कुणी दगावत नाही, झोपेला मात्र मानवत नाही.

खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, किंवा बेडरूमचं दार उघडं आणि हॉलची खिडकी किलकिली. विजेचं बिल थोडं वाढेल. प्युरिफायरचा आकडा आठाचा पंधरा होईल, होऊ दे.

बिबवेवाडी. बाथरूमच्या डक्टमध्ये पारव्यांनी घरटी केलीत, विष्ठेचा थर बोटभर जाड. आईला तीन महिने कोरडा खोकला. डक्ट साफ करून घेतली तर खोकला जाईल का?

दोन वेगळी कामं आहेत, आणि आईचं आधी. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, आणि घराजवळ पारवे, एवढं छातीच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी काही लोकांच्या फुप्फुसांना मानवत नाही, सूज येत राहते आणि दुर्लक्ष केलं तर फुप्फुस कडक होतं. फुप्फुसाची बारीक जाळी सुजून कडक होण्याच्या आजारांच्या भारतातल्या एक हजारावर रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत हाच प्रकार सगळ्यांत जास्त, निम्म्याच्या जवळपास निघाला. त्यात कूलरचाही हात दिसला. तेव्हा उन्हाळ्यातला कूलर गवताच्या जुन्या पट्ट्यांसह तसाच ठेवला असेल तर तोही बघा. खोकल्याचं औषध दुकानातून बदलून बदलून आणणं थांबवा.

डक्ट साफ करताना आईला दोन दिवस मावशीकडे पाठवा. कोरड्या थराला खराटा लावायचा नाही. आधी पाणी मारून पूर्ण भिजवायचा, मग खरवडायचा, करणाऱ्याला एन-९५ मास्क, आणि तेवढा वेळ डक्टकडच्या सगळ्या खिडक्या बंद, वरच्या-खालच्या मजल्यांच्याही. नंतर वरपासून खालपर्यंत जाळी. तिसऱ्या मजल्यावरचे काका गच्चीवर ज्वारी टाकत असतील तर त्यांच्याशी बोलायचं काम मात्र तुमचं, मी एका सोसायटीत बोलून बघितलंय, पुन्हा नाही.

थोडक्यात दोन. हडपसरच्या वाचकांनी विचारलंय, डासांसाठी कॉइल बरी की प्लगमध्ये लावायचं लिक्विड. मच्छरदाणी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. लिक्विडला धूर नसतो, पण कीटकनाशक असतंच, लावलंत तर खिडकी थोडी उघडी हवी. आणि औंधच्या आजीबाई, नातवाला फुलबाजीऐवजी ‘बिनआवाजाची, साधी’ म्हणून सापाच्या गोळ्या दिल्यात ना? आपल्याच पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये सहा प्रकारचे फटाके मोजले, त्यात सगळ्यांत जास्त सूक्ष्म कण या सापानंच सोडले, लडीपेक्षाही जास्त. पुढच्या दिवाळीला लक्षात असू द्या.

शेवटचं पत्र, नऱ्ह्याहून. नव्या फ्लॅटला मॉड्युलर किचन केलं, चिमणी बसवली. तरी फोडणी दिली की पडद्यांना वास आणि भिंत चिकट. चिमणी जास्त ओढणारी घ्यावी का?

घाई करू नका, आधी स्टुलावर चढून चिमणीच्या वरचं कपाट उघडा. तिथून एक जाड पाइप भिंतीबाहेर जातोय का? नसेल, तर ती नावाचीच चिमणी. धूर ओढते, काळ्या कोळशाच्या गाळणीतून फिरवते आणि तुमच्याच ओट्यावर सोडते. थोडं तेल अडतं, थोडा वास अडतो, गॅस जळून झालेले वायू जसेच्या तसे परत. मॉड्युलरवाले पाइपासाठी भिंत फोडायचा कंटाळा करतात आणि ‘मॅडम, हे लेटेस्ट आहे’ म्हणतात. फोडून घ्या. जमत नसेल तर खिडकीच्या वरच्या भागात साधा एक्झॉस्ट पंखा बसवा आणि फोडणीच्या दोन मिनिटं आधी लावा, नंतर दहा मिनिटं चालू ठेवा. पाइप असेल तर जाळी काढून गरम पाण्यात, सोडा टाकून, रात्रभर भिजत घाला. तेलानं बुजलेली जाळी म्हणजे नाक दाबून धावणं. ज्योत निळी आहे ना, तेही बघा. पिवळी असेल तर बर्नरची भोकं साफ करून घ्या.

चिमणी काम करतेय का हे तपासायला माझ्यासारखं यंत्र लागत नाही. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात चार हिरव्या मिरच्या ठेच्यासाठी भाजायला घ्या आणि घरातलं एक माणूस आतल्या खोलीत बसवा. आमच्याकडे यजमान असतात. जुन्या चिमणीच्या वेळी त्यांचा ठसका मिरची तडतडायच्या आतच यायचा. पाइप भिंतीबाहेर काढून घेतल्यावर परवा भाजल्या तर बराच वेळ काही आवाज नाही. मला आनंद झाला, बघायला गेले, तर ते गॅलरीत जाऊन उभे होते.

परत करून बघणार आहे. या वेळी दार लावून.